उंदरांच्या शेपट्या आणि उशिरा येणारे पालक

गेल्या अंकात या सदरात मी विचारलं होतं की, चांगल्या हेतूने केलेला एखादा नियम उलटा पडलेला तुम्ही पाहिलाय का? पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत नियम करणाऱ्यांना नुसत्या शिव्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या. मी स्वतः नोकरीभर परिपत्रकांचे मसुदे लिहिले. ‘सदर आदेश तात्काळ अंमलात येतील’ असं लिहून खाली साहेबांच्या सहीसाठी जागा सोडणाऱ्या जमातीतली मी. त्यामुळे माझा कल कुणाकडे असेल ते ओळखून घ्या. काही पत्रं काटछाट करून देतेय.

प्रश्न : मी पाळणाघर चालवते. संध्याकाळी बंद करायची वेळ ठरलेली आहे, पण काही पालक रोजच उशिरा येतात. मदतनीस मुलींना त्यांच्यासाठी ताटकळावं लागतं. उशीर झाल्यास दंड, अशी पाटी लावायचा विचार आहे. रक्कम किरकोळच ठेवीन, कुणाला लागायला नको. लावू का पाटी?

उत्तर : नका लावू. निदान ‘किरकोळ’ तर अजिबात नको.

तुमच्या मनात आहे तोच प्रयोग इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत करून झालाय. युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. एकूण वीस आठवडे. पहिले चार आठवडे कोण किती उशिरा येतं याची फक्त नोंद ठेवली. पाचव्या आठवड्यापासून सहा पाळणाघरांत पाटी लागली की, दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर दहा शेकेल दंड. महिन्याची फी चौदाशे शेकेल, म्हणजे दंड तुमच्यासारखाच, कुणाला न लागणारा. उशीर कमी व्हायचं सोडून वाढत गेला आणि जवळपास दुप्पट झाला. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला. तरी उशीर दुपटीवरच राहिला.

आता दंड नसतानाचं दृश्य आठवा, तुम्ही ते रोज बघताय. सगळी मुलं गेलेली, एकच उरलेलं, त्याची पिशवी भरून तयार, मदतनीस त्याचा हात धरून दारात उभी. तेवढ्यात बाप धापा टाकत येतो आणि तिची नजर चुकवत म्हणतो, ‘सॉरी हं ताई, मीटिंग लांबली.’ ती नजर चुकवणं हाच तुमचा आजवरचा दंड होता आणि तो बऱ्यापैकी वसूल होत होता. पाटी लागल्यावर बापाला नजर चुकवायचं कारण उरत नाही. त्याने वेळ विकत घेतली, हिशोब चुकता. दंड काढला तर तीच सोय आता फुकट. लाज एकदा गेली की पाटी काढून परत येत नाही.

त्या प्रयोगातला एक तपशील फारसा कुणी सांगत नाही, पण मसुदे लिहिलेल्या माणसाच्या तो लगेच डोळ्यांत भरतो. दंड महिन्याच्या बिलात धरून फीबरोबर भरायचा होता आणि फी जायची मालकाकडे. म्हणजे ज्या बाईचा खोळंबा झाला तिच्या हाती काहीच नाही, आणि ज्याने खोळंबा केला त्याला त्या संध्याकाळी खिशात हातही घालावा लागत नाही.

तेव्हा दोनच रस्ते. एक तर सरळ धंदा करा. जादा तास, त्याची सणसणीत फी, आणि ती थांबणाऱ्या मुलीच्या हातात, त्याच वेळी. नाहीतर पैशाचं नावच काढू नका. पालकांच्या सभेत त्या मुलीलाच बोलू द्या की, तिला घरी पोचायला किती वाजतात आणि का. मी दुसरा रस्ता आधी धरला असता. तो फसला तर पहिला मोकळा आहेच. आधी पैसे लावून मग लाज मागायला गेलात तर मात्र मिळणार नाही.

प्रश्न : आमचे सर वर्गात नागांची गोष्ट सांगतात. इंग्रज सरकारने मेलेल्या नागामागे बक्षीस लावलं, लोकांनी नाग पाळायला सुरुवात केली, बक्षीस बंद झाल्यावर पाळलेले नाग सोडून दिले आणि नाग आधीपेक्षा वाढले. ही गोष्ट खरी का? परीक्षेत लिहिली तर चालेल?

उत्तर : सरांना विचारा की साल कोणतं, अधिकारी कोण, बक्षीस किती. ही गोष्ट जिथे जिथे ऐकली तिथे हे तिन्ही रकाने कोरेच होते. होर्स्ट झीबर्ट नावाच्या जर्मन अर्थतज्ज्ञाने २००१ साली तिच्यावरून अशा प्रकारांना ‘कोब्रा इफेक्ट’ हे नाव दिलं आणि ती जगभर झाली. परीक्षेत लिहायचीच असेल तर उंदरांची लिहा. तिला कागदपत्रांचा आधार आहे आणि ती जास्त मजेदारही आहे.

व्हिएतनाममधलं हनोई, १९०२. फ्रेंचांचं राज्य. गव्हर्नर जनरल पॉल दुमेर यांना हनोईचं छोटं पॅरिस करायचं होतं. त्यांनी गोऱ्या वस्तीसाठी जमिनीखालून छान गटारं बांधली. उंदरांना ती इतकी मानवली की, न्हाणीघरांतून ते थेट बंगल्यांत निघू लागले. (उलटा पडलेला पहिला निर्णय हाच. तो कुणी मोजत नाही, कारण गटार बांधणं हे पुण्यकर्म.) तेव्हा प्लेगची साथ आशियाभर फिरत होती, त्यामुळे सरकार घाबरलं. आधी रोजंदारीवर माणसं गटारात उतरवली. काही दिवशी त्यांनी दिवसाला हजारोंनी उंदीर मारले, तरी उंदीर हटेनात. मग सगळ्या जनतेसाठी बक्षीस लावलं, उंदरामागे एक सेंट. पण मेलेल्या उंदरांचे ढीग कचेरीत कोण मोजणार? म्हणून पुरावा ठरला, फक्त शेपटी.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. शेपट्यांचा पूर आला आणि रस्त्यांत बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. शेपटी कापून उंदीर सोडला की तो पिल्लं घालतो आणि पिल्लांना शेपट्या असतात. शहराबाहेर उंदरांचे गोठे निघाले, आसपासच्या भागांतून चोरून आयातही सुरू झाली. बक्षीस बंद करावं लागलं. मायकेल व्हॅन या इतिहासकाराने फ्रान्समधल्या वसाहतींच्या दप्तरांतून हे सगळं उकरून काढलं.

माझं लक्ष त्या शेपटीवर अडकतं. सरकारला हवं काय होतं? उंदीर कमी व्हायला हवे होते. मोजायला सोपं काय होतं? शेपटी. हा बदल कुठल्या तरी कारकुनाच्या टेबलावर झाला, केवळ कचेरीत घाण वास येऊ नये म्हणून. धोरण वरून येतं आणि त्याचा जीव अशा खालच्या एका ओळीत असतो. ‘पुराव्यादाखल काय जोडावे’ ही ओळ लिहिताना मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ घ्यायची आणि सहकारी त्यावरून हसायचे.

उत्तरात वजन हवं असेल तर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचं नाव घाला. १९३६ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, या विषयावर त्यांनी निबंध लिहिला. हेतूपूर्वक केलेल्या कृतीतून अनपेक्षित गोष्टी का निघतात याची कारणं त्यात मांडली आहेत. अज्ञान आणि चूक ही दोन तर कुणालाही सुचतील. तिसरं पाहण्यासारखं आहे. समोरचं फळ माणसाला इतकं हवं असतं की बाकी काय होईल हे तो बघतच नाही. त्याला माहीत नसतं असं नाही, त्याला बघायचंच नसतं.

प्रश्न : मी एका इस्पितळाच्या नोंदणी विभागात आहे. प्रत्येक डॉक्टरच्या हातून किती रुग्ण दगावले आणि प्रत्येक रुग्णाला किती वेळ थांबावं लागलं, याचे आकडे दर्शनी भागात लावायचं व्यवस्थापनाच्या मनात आहे. पारदर्शकता वाईट कशी म्हणणार? पण मला धाकधूक वाटते.

उत्तर : धाकधूक योग्य आहे. न्यूयॉर्क राज्याने १९९०च्या सुमारास हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेतल्या मृत्यूंचे आकडे प्रसिद्ध करायला सुरुवात केली, आधी इस्पितळवार, मग सर्जनवार. पेनसिल्व्हेनियानेही तेच केलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दोन राज्यांची इतरांशी तुलना केली. आकडे लागल्यावर शस्त्रक्रिया त्यातल्या त्यात धडधाकट रुग्णांकडे सरकल्या आणि जास्त आजारी रुग्णांची अवस्था आणखी वाईट झाली, असं त्यात निघालं. उलट बाजूने असंही दाखवतात की, न्यूयॉर्कमध्ये बायपासनंतरचे मृत्यू त्याच काळात घटले. वाद मिटलेला नाही. पण तुमच्या सर्जनच्या जागी बसून बघा. समोर दोन रुग्ण आहेत आणि एकाचा मृत्यू तुमच्या नावापुढे भिंतीवर लागणार आहे.

वेळेचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागात आलेल्याला चार तासांत घरी सोडायचं, दाखल करायचं किंवा दुसरीकडे हलवायचं असं लक्ष्य होतं. नोंदी तपासणाऱ्यांना दिसलं की, चार तास भरायच्या आधीच्या काही मिनिटांत वॉर्डात हलवलेल्यांची संख्या एकदम उसळते. आजार घड्याळ बघून थोडेच बळावतात! तरीही त्या लक्ष्याने ताटकळणं खरोखर कमी झालं, हे मी लपवणार नाही.

आकडे काढा. आपसात बसून दर महिन्याला बघा. भिंतीवर लावू नका.

प्रश्न : सीटबेल्ट लावल्यावर चालक बेफिकीर होतात आणि पादचारी मरतात, असं वाचलं. मग सक्ती कशाला?

उत्तर : सॅम पेल्ट्झमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७५ साली असा दावा केला होता. बेफिकिरी थोडी वाढतही असेल, पण सीटबेल्टने वाचणारे जीव खाऊन टाकेल इतकी ती वाढते, हे पुढच्या अभ्यासांत टिकलं नाही. बेल्ट लावा. ‘उलटंच होईल’ हा युक्तिवाद फार स्वस्त आहे आणि ज्याला काही बदलायचंच नसतं त्याच्या तोंडी तो हटकून असतो.

प्रश्न : तुमचं सदर वाचून वाटतं की कुणी काही करूच नये. चांगलं करायला जावं तर वाईट होतं, हाच तुमचा सूर. मग हातावर हात धरून बसायचं का? — एक वैतागलेला वाचक

उत्तर : वैताग पोचला. वरचं सीटबेल्टचं उत्तर तुमच्याच बाजूने आहे, पण ते पुरणार नाही, म्हणून या विषयातलं सगळ्यात अवघड उदाहरण घेते.

बांगलादेशात लोक तळ्या-नद्यांचं पाणी प्यायचे आणि हगवण-पटकीने लहान मुलं पटापट दगावायची. १९७०च्या दशकापासून सरकारने आणि युनिसेफने उथळ नलिकाकूप म्हणजे हातपंपाच्या बोअर खणायला सुरुवात केली. योजना इतकी चालली की, पुढे लोक स्वतःच्या खर्चाने अंगणात बोअर घेऊ लागले आणि संख्या कोटीच्या घरात गेली. पाणी स्वच्छ, गार, जंतू नाहीत. आणि त्यात आर्सेनिक. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाच्या कणांना ते चिकटलेलं असतं. खाली प्राणवायू नसला की ते सुटून पाण्यात उतरतं. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाच-दहा वर्षं ते पाणी पोटात गेल्यावर छातीवर पावसाच्या थेंबांसारखे डाग उठतात, तळहात-तळपाय खरबरीत होऊन त्यांवर गाठी येतात, पुढे कर्करोग. २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं गेलं.

बोअर खणायचा कागद माझ्यासमोर आला असता तर मी सही केली असती. मुलं मरत होती. हातावर हात धरून बसणं हाही निर्णयच आहे, आणि त्याचे बळी कुठल्या अहवालात येत नाहीत एवढाच काय तो फरक. तुमच्या-माझ्यात इथे भांडण नाही.

भांडण पुढच्या वर्षांवरून आहे. जंतू तपासले, आर्सेनिक तपासलं नाही. तेव्हाच्या नेहमीच्या तपासणीत ते नव्हतं, इथवर ठीक. पण १९८३ साली कोलकात्यात त्वचेच्या डॉक्टरांनी पश्चिम बंगालच्या रुग्णांवर हेच डाग पाहून आर्सेनिकचं निदान केलं होतं. गाळ तोच, बोअर त्याच, मध्ये फक्त सीमा. बांगलादेशातल्या बोअरमध्ये आर्सेनिक सापडायला १९९३ उजाडलं. दहा वर्षं! मला ‘अनपेक्षित’ या सबबीचा राग येतो तो इथे. पुष्कळदा कुणाला तरी माहीत असतं. त्या माणसाचा आणि फाइलचा संबंध येत नाही, कारण योजना यशस्वी म्हणून फाइल बंद झालेली असते.

गोष्ट इथेही संपत नाही. पुढे सुमारे पन्नास लाख बोअर तपासल्या आणि पंपाची तोटी हिरवी किंवा लाल रंगवली. लाल म्हणजे पिऊ नका. दहातल्या साधारण तीन लाल निघाल्या. सोपा, स्वस्त, निरक्षरालाही कळणारा उपाय. खूप लोकांनी पंप बदलले, ही मोठीच कमाई. पण ज्यांच्या जवळपास हिरवा पंप नव्हता ते दूरच्या किंवा उघड्या पाण्याकडे वळले, ते पाणी भांड्यांत साठवू लागले, आणि नंतरच्या एका अभ्यासात अशा घरांत बालमृत्यू वाढलेले दिसले. म्हणजे जी हगवण हटवायला बोअर खणल्या, ती मागच्या दाराने परत आली. आगीतून फुफाट्यात. उपाय ठाऊक आहे, खोल बोअर. खोलवरच्या थरात आर्सेनिक बहुतेक ठिकाणी नसतं. पण खोल बोअर कुणा एकाच्या ऐपतीत बसत नाही, त्यामुळे ती कुणाच्या दारात खणायची यावर पुन्हा राजकारण.

तेव्हा करा हो, जरूर करा. फक्त आदेशाच्या शेवटी एक कलम घाला. अमुक तारखेला फेरआढावा, आणि तो ज्याने योजना राबवली त्याच्याकडून नको. माझ्या मसुद्यांतलं हेच कलम वरून सर्वांत जास्त वेळा खोडलं गेलं. कारण लेखी कधीच नसायचं. तोंडी असायचं की, ‘आत्ताच कशाला अपशकुन?’

प्रश्न : मी जनावरांचा डॉक्टर आहे. बंदी कितीही घाला, लोक पळवाट काढतातच. मूळ दोष लोकांच्या बेइमानीचा आहे, धोरणाचा नाही. तुम्ही त्यावर का लिहीत नाही?

उत्तर : तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घेऊ या. डायक्लोफिनॅक. लंगडणाऱ्या, सुजलेल्या गाईला टोचलं की तिला आराम पडतो. दुखणं थांबवायचं, यापेक्षा भला हेतू कोणता? पण औषध अंगात असताना ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून २००४ साली हे सिद्ध झालं. मढ्यांपैकी शंभरात एकाहून कमी मढी विषारी असली तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, असं गणित निघालं. भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात हजारातून एक उरली.

२००६ साली जनावरांसाठी हे औषध बनवायला बंदी आली. माणसांसाठीचं मात्र चालूच, आणि ते मिळायचं तीस मिलिलिटरच्या बाटलीत. माणसाला लागतं तीन. मग तीसची बाटली कोणासाठी होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्याची गाय विव्हळतेय त्याने ती घेतली. तुम्ही त्याला बेइमान म्हणता. मी म्हणेन, त्याच्या हाताशी गुण येणारं, स्वस्त औषध ठेवून तुम्ही त्याला गिधाडांची आठवण ठेवायला सांगत होता.

२०१५ साली नऊ वर्षांनी कुणाला तरी बाटलीचं माप सुचलं. माणसांसाठीचं इंजेक्शन फक्त तीन मिलिलिटरच्या, एका मात्रेच्या कुपीत. आता गाईसाठी एकामागून एक कुप्या फोडत बसावं लागतं आणि खर्चही वाढतो. ना दंड, ना तपासनीस, ना कुणाच्या इमानाची परीक्षा. आणि सोबत मेलोक्सिकॅम होतंच. ते गिधाडांना चालतं आणि गाईलाही गुण येतो. बंदी लागू पडायला हे दुसरं औषध दुकानात असणं जास्त कामी आलं, असं माझं मत.

तरी एक फट राहिलीच. अॅसिक्लोफिनॅक हे आणखी एक वेदनाशामक गाईच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. नाव वेगळं, म्हणून जुन्या बंदीच्या कागदात ते बसत नव्हतं. ते आणि गिधाडांना मारणारं आणखी एक औषध केटोप्रोफेन जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ साल लागलं. आता तुम्हीच सांगा, ही पळवाट कुणी काढली? गोठ्यातल्या माणसाला रसायनशास्त्र येत नव्हतं. ते ज्यांना येत होतं, त्यांना २००६ची यादी करताना कुणी विचारलं होतं का, हे तुमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत विचारून बघा आणि मला कळवा. पत्र पूर्ण छापीन.